बाजारभावाने घेतलेलं घर

उस्ता कुदरत काकडी घ्यायला बाजारात गेला तरी आधी दोन दुकानांत नुसता भाव विचारून यायचा, आणि तिसऱ्या दुकानात भाव कमी निघाला तर तिथे काकडी घ्यायचाच नाही. कमी का, हे आधी कळायला नको? आम्हा इस्फहानच्या लोकांना बाकीचा मुलुख चिक्कू आणि चौकस म्हणून हिणवतो. आम्हीही ते फारसं मनावर घेत नाही, कारण खोटं नाही. पण कुदरतच्या चौकसपणापुढे आम्हीही हात टेकले होते. त्याला कुणी सलाम केला की तो उलट सलाम करण्याआधी क्षणभर थांबायचा. ह्याला आज काय हवंय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

वीस वर्षं तो एकाच भट्टीवर संगक रोटी भाजत होता; मधे मालक बदलून भट्टी हाज रसूलकडे आली होती. पहाटे साडेतीनला उठायचं, ओल्या हातांनी पीठ लांबलचक लाकडी फाळक्यावर पसरायचं आणि भट्टीतल्या तापलेल्या खड्यांवर ते एका हिसक्यात सोडायचं. दिवसाला असे सहाशे हिसके. उजवा खांदा कामातून गेला होता. सदरा घालताना बायको बाही धरायची. त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा. "एकदा, फक्त एकदा, सूर्य उगवल्यावर उठायचंय मला. उन्हं तोंडावर आली म्हणून चडफडायचंय."

ते आता जमण्यासारखं होतं. भट्टीपुढचं काम सरकारदरबारी कष्टाचं आणि अपायकारक म्हणून लिहिलेलं आहे. वीस वर्षं सलग भरली की पन्नाशीतच पेन्शन मिळते. कुदरत बावन्नचा होता. अर्ज केला तेव्हा कळलं, की भट्टीच्या आधीच्या मालकाने त्याच्या नावाचे चौदा महिने भरलेच नव्हते. दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. कुदरतने घरी जाऊन मिठाईचा एक जुना पत्र्याचा डबा आणला आणि कारकुनापुढे उपडा केला. वीस वर्षांची एकूण एक पगाराची पावती त्यात होती. "तो मालक माझ्याशी फार गोड बोलायचा," तो म्हणाला, "तेव्हाच ओळखलं." अर्ज मंजूर झाला. मेहर महिन्याच्या, म्हणजे आमच्या शरदाच्या पहिल्या महिन्याच्या, एक तारखेपासून उस्ता कुदरत मोकळा.

हेच वाईट झालं असं मला वाटतं. संशयाने एकदा पेन्शन मिळवून दिली, आणि मग संशय हाच त्याचा देव झाला.

त्याच तारखेला घरही सोडायचं होतं. आमच्याकडे घरमालकाकडे एक मोठी रक्कम ठेवायची, बिनभाड्याने राहायचं आणि सोडताना रक्कम परत घ्यायची, अशी रीत आहे. कुदरतच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला वरचा मजला हवा होता. पेन्शनीवर इस्फहानात दुसरं घर परवडणार नव्हतं. तेव्हा नवरा-बायकोने ठरवलं, की बायकोच्या माहेरी, डोंगरातल्या खानसारला जायचं, छोटं घर विकत घ्यायचं आणि उरलेलं आयुष्य अक्रोडाच्या सावलीत काढायचं. कुदरतने हिशेब मांडला: मालकाकडचे ऐंशी कोटी तोमान, नोकरी सोडताना हाज रसूलकडून मिळायचे पस्तीस, आणि बायकोच्या सोन्याच्या नाण्यांचे तेहेतीस. एकूण एकशे अठ्ठेचाळीस, त्यातले आठ ट्रकला आणि डागडुजीला बाजूला. कोटीचे आकडे ऐकून कुणी हुरळून जाऊ नये. आमच्याकडे चपलांचा जोडही लाखांत येतो.

त्याच्या बायकोचं नाव इफ्फत. शांत बाई. सत्तावीस वर्षं ह्या माणसाबरोबर काढलेली, म्हणजे किती शांत ते समजा. तिचा धाकटा भाऊ हिदायत खानसारला मधमाश्या पाळायचा आणि मध विकायचा. एका शुक्रवारी तो मधाची बरणी घेऊन इस्फहानला आला आणि जेवता जेवता म्हणाला, "दाजी, घरासाठी वणवण कशाला करता? अब्बांचं घर रिकामंच पडलंय. तेच घ्या."

"कितीला?" कुदरतने विचारलं.

"अहो, तुमच्यापुढे काय किंमत त्याची! तुमचंच आहे."

आता हे वाक्य आमच्याकडे टॅक्सीवाला म्हणतो, न्हावी म्हणतो, कफन विकणारासुद्धा म्हणतो. म्हणायचं आणि मग हात पुढे करायचा. ते खरं मानणारा अजून जन्माला यायचाय.

"ते झालं रे. आकडा बोल."

हिदायतने पाण्याचा घोट घेतला, बहिणीकडे एकवार पाहिलं आणि म्हणाला, "एकशे चाळीस."

कुदरतचा घास हातातच राहिला. घासाघीस नाही, आढेवेढे नाहीत, विकणारा स्वतःहून इतका कमी आकडा सांगतो? त्या घराला तीन खोल्या, अंगण, अक्रोडाची दोन झाडं आणि झऱ्याच्या पाण्याचा हक्क. त्याने बायकोकडे पाहिलं. ती ताटातला भात सारखा करत होती.

हिदायत गेल्यावर ती म्हणाली, "घ्या म्हणतोय तर घेऊन टाका. उगाच खोदत बसू नका."

"उगाच? अगं, आवळा देऊन कोहळा काढायची ही जुनी चाल आहे. पाणी कुठेतरी मुरतंय."

"मुरू दे. आपल्याच अंगणात मुरतंय ना?"

"तुला काय माहीत आहे?"

"मला माझा भाऊ माहीत आहे," ती म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली.

झालं. बायको खोदू नका म्हणाली म्हणजे खोदायलाच हवं. पुढच्या मंगळवारी दाढ दुखते म्हणून कुदरतने भट्टीवरून सुट्टी काढली, बायकोलाही दाढच सांगितली, आणि खानसारची बस धरली.

आधी तो घरांच्या दलालाकडे गेला. घर कुणाचं ते न सांगता त्याने गल्ली सांगितली, खोल्या सांगितल्या, झाडं सांगितली. दलाल म्हणाला, "दोनशे दहा. आज. पुढच्या महिन्यात मला विचारू नका." म्हणजे एकशे चाळीस हा तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला! तो तिथून शेजारच्या नुस्रत नावाच्या म्हातारीकडे गेला. "आजी, त्या घरात कुणी वाईट मेलं का?"

"मेलं ना. म्हातारा मेला. पंच्याऐंशीचा होता, झोपेत गेला. सगळ्यांना असंच मरण येवो."

मग तो नगरपालिकेत गेला, रस्ता रुंद व्हायचाय का ते विचारायला. नव्हता. झऱ्याच्या पाण्याची पाळी वाटणाऱ्या माणसाला गाठलं. हक्क चोख होता. भिंतीला कान लावून वाळवी ऐकली. शेवटी नोंदणी कचेरीत जाऊन, गहाण, कर्ज, भाऊबंदकीचा दावा, काही आहे का पाहिलं. घर धुतल्या तांदळासारखं स्वच्छ.

कुदरतची खरी झोप इथून उडाली. काहीतरी खोट सापडली असती तर तो सुखी झाला असता. खोट नाही आणि भाव कमी, म्हणजे खोट इतकी खोल आहे की कागदावरही आलेली नाही. परतीच्या बसमध्ये त्याने वहीच्या पानावर तेरा कारणं लिहिली. मेहुणा कर्जात बुडालाय, हे पहिलं. मेहुण्याच्या बायकोने मागे लागून घर काढायला लावलंय, हे चौथं. बायको आणि मेहुणा मिळून आपल्यापासून काहीतरी लपवतायत, हे तेरावं. ते त्याने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं.

खानसार किती मोठं ते मी सांगायला नको. तिथे सकाळी शिंकलं तर दुपारी लोक तब्येत विचारायला येतात. इस्फहानचा जावई सासऱ्याच्या घराची गहाणखतं शोधत फिरतोय, ही बातमी कुदरतची बस सुटायच्या आत गावभर झाली. त्याला तिखटमीठ लागलं. हिदायत कर्जात आहे, घर विकायला काढलंय, लवकर विकायचंय. मध उचलणाऱ्या व्यापाऱ्याने ते ऐकलं आणि हंगामाची आगाऊ रक्कम रोखून धरली. "जरा बघतो, मग देतो," म्हणाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

तीन दिवसांनी हिदायत दारात उभा. ह्या वेळी हातात बरणी नव्हती. इफ्फतने चहा आणून ठेवला, साखरेचे खडे ठेवले. त्याने चहाला हात लावला नाही.

"दाजी, दाढ कशी आहे?"

इफ्फतने नवऱ्याकडे पाहिलं.

"खानसारला दाताचा डॉक्टर चांगला आहे म्हणतात," हिदायत म्हणाला. "नगरपालिकेत बसतो. नोंदणी कचेरीतही बसतो."

"हे बघ हिदायत, घर घ्यायचं म्हणजे माणूस चौकशी करतोच."

"परक्याचं घर घेताना करतो. मला विचारायचं होतंत, माझ्याकडून सगळे कागद नेले असतेत. तुम्ही नुस्रत आजीला विचारता, घरात कुणी वाईट मेलं का? ते माझे अब्बा होते, दाजी!"

"चुकलं असेल. पण तूच सांग ना सरळ, इतकं स्वस्त का देतोयस?"

हिदायतने बहिणीकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नको म्हणून की बोल म्हणून, ते कुदरतला कळलं नाही आणि त्याने तेही मनात टिपून ठेवलं.

"दलाल काय म्हणाला?" हिदायतने विचारलं.

"दोनशे दहा."

"मग दोनशे दहा. बाजारभाव. आता तर काही काळंबेरं नाही ना?"

"हिदायत," इफ्फत म्हणाली, "आधीचाच आकडा राहू दे. माझ्यासाठी."

"नाही ताई. तुझ्या नवऱ्याला शांत झोप लागली पाहिजे." तो उठला. "घ्यायचं तर शनिवारपर्यंत कळवा. नाहीतर दलालाकडे टाकतो."

आणि आता जे झालं ते आमच्या गल्लीत अजून कुणाला पटत नाही, पण कुदरतने ते स्वतः मला सांगितलं. दोनशे दहा हा आकडा ऐकला आणि त्याच्या छातीवरचा दगड उतरला. सत्तर कोटींचा फटका बसत होता आणि त्याला हलकं वाटत होतं! बाजारभाव म्हणजे बाजारभाव. त्याच्यात कुणाचा डाव नाही, कुणाचे उपकार नाहीत. तो मेहुण्याच्या मागे जिन्यापर्यंत गेला आणि नोंदणीचा खर्च हिदायतने करायचा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेऊन आला. आपण जिंकलो अशा थाटात तो परत येऊन बसला आणि मेहुण्याचा गार झालेला चहाही प्यायला. चहा वाया का घालवायचा?

इफ्फत म्हणाली, "सत्तर आणणार कुठून?"

आणणार कुठून, हा प्रश्न होताच. दुसरी घरं पाहायला वेळ नव्हता. घरमालक रोज जिन्यात खाकरत होता. बँकेचे हप्ते पेन्शनीत बसत नव्हते. उरला हाज रसूल. भट्टीला तशा हाताचा माणूस मिळत नाही म्हणून तो महिनाभर रडत होता. कुदरतने तोंड उघडताच त्याचा चेहरा उजळला. "सत्तर ना? देतो. नोकरीचे पस्तीसही आत्ताच देतो. माझी अट एकच. चार वर्षं भट्टी सोडायची नाही, पैसे पगारातून कापत जाईन. कधी सत्तर परत केलेस तर त्याच दिवशी मोकळा."

कुदरतने तो करार तीनदा वाचला, उजेडाकडे धरून शिक्का तपासला आणि सही केली. पेन्शनीचा मंजूर झालेला कागद त्याने पत्र्याच्या डब्यात, पावत्यांच्या खाली ठेवला. ठरलं असं, की इफ्फतने खानसारला राहायचं, त्याने भट्टीच्या वरच्या खोलीत, आणि गुरुवार-शुक्रवारी बस धरून घरी यायचं. भट्टीवर पीठ मळणारा मेहराब म्हणाला, "उस्ता, लोक निवृत्त होऊन घर घेतात. तू घर घेऊन नोकरीला लागलास." सगळे हसले. कुदरतही हसला, पण फाळकं उचलताना खांद्यातून कळ गेली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. धुराने, असं तो म्हणाला.

नोंदणी बुधवारी झाली. हिदायतने सही केली, रक्कम खात्यात आल्याचं पाहिलं, दाजींचा हात हातात घेतला आणि निघून गेला. गुरुवारी ट्रक आला. शुक्रवारी दुपारपर्यंत गालिचे पसरले, भांडी लागली. इफ्फतने अंगण धुतलं. कुदरत अक्रोडाखाली खुर्ची टाकून बसला आणि संध्याकाळच्या बसची वेळ मोजत राहिला. शनिवारी पहाटे भट्टी.

इफ्फत हात पुसत आली आणि त्याच्यासमोर पायरीवर बसली. तिचा चेहरा उजळला होता. लग्नाआधी पाहिला होता तसा, असं कुदरत सांगतो. तिने ओढणीआडून बँकेची चिठ्ठी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"शनिवारी भट्टीवर जाऊ नका. हाज रसूलचे त्याला देऊन टाका."

कुदरतने पाहिलं. खातं इफ्फतच्या नावावर. शिल्लक सत्तर कोटी.

कुणीही माणूस काय करेल? उठून नाचेल. बायकोचे हात धरेल. निदान देवाचं नाव घेईल. कुदरतनेही नंतर तेच सारं केलं असतं, त्याची खात्री आहे. पण आधी तोंडातून जे निघालं ते निघालं.

"हे तुझ्याकडे कधीपासून आहे?"

इफ्फतचा चेहरा बदलला. ती रागावली नाही. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, एखादं परकं माणूस चुकून घरात शिरलं असावं तसं.

"तारीख आहे त्याच्यावर. वाचा."

तारीख कालची होती. पाठवणाऱ्याचं नाव हिदायत.

"त्याने का पाठवले?"

"बारा वर्षांपूर्वी अब्बा गेले तेव्हा ह्या घरातला माझा हिस्सा मी त्याच्या नावे लिहून दिला होता. तुम्ही शेजारी बसला होतात. तिथे सही कर म्हणून पेन तुम्हीच दिलंत. दोन हिस्से भावाचे, एक बहिणीचा. दोनशे दहातला एक हिस्सा किती होतो? हिशेबात तर तुम्ही पक्के."

कुदरतने मांडीवरच्या चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा वाचला. सत्तर.

"तेव्हा त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून मी दिला. आता बरे दिवस आलेत तर त्याला परत करायचा होता. तोंडाने म्हणाला असता तर, इतकी वर्षं बहिणीचं खाल्लं, असं झालं असतं. म्हणून किमतीतून देत होता. मुकाट्याने घेतला असता तर आज तुम्ही मोकळे असतात आणि तो ह्या अंगणात आपल्याबरोबर चहा पीत असता."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? खरं सांगा."

कुदरतने विचार केला. खरं सांगायचं तर तो म्हणाला असता, हिस्सा आज देतोय, मग बारा वर्षांचं भाडं कुठाय? हे वाक्य त्याच्या डोक्यात तयारच होतं. आत्तासुद्धा.

इफ्फतने त्याच्या मांडीवरची चिठ्ठी उचलली आणि तिची नीट घडी घातली.

"हे मी तुम्हाला द्यायला आणलं होतं," ती म्हणाली. "माझं मन इतकं भरून आलं होतं की काल ट्रकमध्येच सांगणार होते. आणि तुम्ही विचारलंत, कधीपासून आहे. माझ्या भावावर संशय घेतलात, मी गिळलं. सत्तावीस वर्षं झाली, कुदरत. मी तुमच्यापासून एक नाणं तरी कधी लपवलंय का?"

"इफ्फत, अगं, सवयीने निघालं तोंडातून."

"माहीत आहे सवय. म्हणूनच दुखलं."

ती उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती त्याच्या बसचा डबा घेऊन. पनीर, अक्रोड, काकडी, आणि वरती त्याचा धुतलेला सदरा. कुदरत डब्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मी जायचं?" त्याने विचारलं.

"जायचं."

"चार वर्षं?"

"बघू," इफ्फत म्हणाली. "आधी हिदायतकडे जाऊन त्याची माफी मागा. त्या मधवाल्या व्यापाऱ्याकडे जाऊन सांगा की माझ्या भावावर एका दमडीचं कर्ज नाही. नुस्रत आजीकडेही जा. मग मला तुमचा भरवसा वाटला, की सांगेन."

"आणि नाही वाटला तर?"

तिने पुढे होऊन त्याला सदरा घालायला मदत केली, उजवी बाही नेहमीसारखी धरून ठेवली, खांदा दुखू नये म्हणून हळूच वर सरकवली.

कुदरत अंगणाबाहेर पडला. बसला अजून तास होता. तो आधी वळला तो मेहुण्याच्या गल्लीकडे. वाटेत पाच-सहा जणांनी त्याला सलाम केला, आणि त्याने प्रत्येकाला लगेच उलट सलाम केला. हिदायतचं दार बंद होतं. आत माणसं बोलत होती, कपबश्या वाजत होत्या. त्याने कडी वाजवली. आतले आवाज थांबले. मग बराच वेळ कुणी दार उघडलं नाही, आणि ते का उघडत नाहीत, हे उस्ता कुदरतला कुणाला विचारावं लागलं नाही.